पन्नाशीनंतर इतिहासाची पदवी, तीही वसतिगृहात राहून

उभी_आडवी_बेरीज

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

वय ५३. सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या वह्या तपासायच्या आणि त्यांत काय लिहिलेलं नाही ते शोधायचं. आता नोकरी सोडली आहे, मुलगा मार्गी लागलाय, आणि मी इतिहासाच्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलाय. थेट एम.ए.चा पर्याय होता, पण आधीची पदवी वाणिज्याची, मग पाया सोडून माडी कशाला बांधा. विद्यापीठ घरापासून लांब आहे, त्यामुळे आवारातल्याच वसतिगृहात राहणार. अर्जावर 'पालकाची सही' असा रकाना होता. मुलाने केली, आणि सही करताना 'अभ्यासात लक्ष दे' असंही ऐकवून घेतलं.

आता धाकधूक सुरू झालीय. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींच्या मजल्यावर राहणं निभेल का? वाचनाचा आवाका झेपेल का? ऐतिहासिक कादंबऱ्या ढिगाने वाचल्यात, त्या कामी येतात का? सनावळ्या पाठ होण्याचं वय तर कधीच गेलं. अनुभवी लोकांनी सांगावं. "हौसच आहे तर घरी बसून वाच" हा सल्ला मात्र भरपूर मिळालाय, तो सोडून काहीही चालेल.

खडूस_म्हातारा

नेमका तोच सल्ला द्यायला आलो होतो. :)

थट्टा बाजूला ठेवतो. इतिहासाला ना प्रयोगशाळा लागते ना यंत्रसामग्री. बऱ्या ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या आणि निवांत वाचा. या वयात हजेरी, अंतर्गत गुण आणि नातवंडं शोभतील अशा पोरांबरोबर शुल्क भरायच्या रांगा, हे सगळं कशासाठी? शिवाय एका तरुण विद्यार्थ्याची जागा अडते, त्याचं काय?

दुसरी_घंटा

बेरीजताई, अभिनंदन! मी सत्तेचाळिसाव्या वर्षी हेच केलं, इतिहासच आणि वसतिगृहातच. सविस्तर लिहितो, आत्ता कामावर आहे. जागेचा मुद्दा मात्र लगेच खोडतो. आमच्या वर्गात निम्मी बाकं रिकामी असायची. इतिहासाला प्रवेशासाठी मारामारी होतेय, असं ऐकिवात नाही.

तळटीप

मी पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवते. दरवर्षी एखाददुसरे वयाने मोठे विद्यार्थी असतात, त्यावरून लिहिते.

आधी खडूसकाकांना उत्तर. इतिहासाला प्रयोगशाळा असते, तिला चर्चासत्र म्हणतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन इतिहासकार रांके बर्लिनमध्ये मोजक्या विद्यार्थ्यांना घेऊन बसायचा. समोर मूळ साधन (म्हणजे त्या काळचाच कागद) ठेवायचं आणि ओळीओळीवर वाद घालायचा. तीच पद्धत पुढे जगभर पसरली. घरी एकट्याने वाचताना तुम्ही लेखकाशी सहमत तरी होता, नाहीतर पुस्तक मिटून ठेवता. "हे तुम्ही कशावरून म्हणता?" असं तोंडावर विचारणारं तिथे कोणी नसतं. पदवीला लोक येतात ते त्या प्रश्नाची सवय लागावी म्हणून. माहिती घरबसल्याही मिळते, हे कबूल.

कादंबऱ्यांबद्दल थोडं कडू बोलते, रागावू नका. विषयाची भूक त्यांनी लावली असेल, तर त्यांचे उपकार माना. पण कादंबरीत राजाच्या मनात काय चाललं होतं ते लेखकाला ठाऊक असतं, इतिहासकाराला कधीच नसतं. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या निबंधात हमखास 'त्या रात्री त्यांना झोप लागली नाही' अशी वाक्यं येतात. मी समासात लिहिते: साधन? बहुतेक वेळा ते वाक्य कुठल्यातरी कादंबरीचं निघतं, आणि लिहिणाऱ्याला ते अस्सल पत्रातलं वाटत असतं. कारण वाचून तीस वर्षं झालेली असतात आणि कुठे वाचलं ते पुसलं गेलेलं असतं. तरुण मुलांना हा त्रास नसतो, त्यांनी मुळात काही वाचलेलंच नसतं.

तुमचा व्यवसाय मात्र बेष्ट आहे. साधनचिकित्सा म्हणजे परीक्षणच. कागद कोणी लिहिला, केव्हा, कोणासाठी, आणि त्यात त्याचा काय फायदा होता? इटलीतल्या लोरेन्झो वाल्ला या विद्वानाचं उदाहरण घ्या. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडची सत्ता पोपला बहाल केली, असं सांगणारा दस्तऐवज शतकानुशतकं खरा धरला गेला. १४४० मध्ये वाल्लाने तो बनावट ठरवला, तेही मुख्यतः भाषेवरून. यातली लॅटिन चौथ्या शतकातली नाही, रोमच्या सरकारदरबारी 'सत्रप' कुठून आले, ज्या शहराला अजून ते नाव पडलेलं नाही त्याचा उल्लेख कसा, असे प्रश्न त्याने विचारले. मागची तारीख घातलेलं व्हाउचर तुम्ही ज्या नजरेने पकडत असाल, तीच ही नजर.

अठराचा_आकडा

नमस्कार. मी एकोणीस वर्षांचा आहे, इतिहासाच्याच दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहतो. इथे बहुधा वयाने सर्वांत लहान. दुसरी बाजूही कळावी म्हणून लिहितोय.

आमच्या वर्गात एक काका आहेत. पहिल्या दिवशी ते आत आले तेव्हा सगळे उठून उभे राहिले, आम्हाला वाटलं सर आले. ते मागच्या बाकावर जाऊन बसले, मग हशा. ते आता आमच्यातलेच झालेत. पण पहिल्या सत्रात जड गेलं, कारण प्रत्येक चर्चेत त्यांचं "मी ते दिवस पाहिलेत" सुरू व्हायचं. विषय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा असला की संपलंच. ते खोटं बोलत होते असं नाही. पण "मी पाहिलंय" यावर आम्ही काय बोलणार? आम्ही गप्प बसायचो, बाईसुद्धा गप्प बसायच्या. मग एकदा बाईंनीच विचारलं, "तुम्ही पाहिलंत ते कुठून पाहिलंत? तेव्हा तुम्ही कोण होता, कुठे राहत होता, घरी वर्तमानपत्र कोणतं यायचं?" त्या दिवशी ते स्वतःच साधन झाले आणि आम्ही त्यांना तासभर प्रश्न विचारले. सत्रातला सगळ्यात भारी तास.

वसतिगृहाचं म्हणाल तर आम्हाला कोणाच्या वयाशी घेणंदेणं नसतं. रात्री दीडला आवाज झाला म्हणून अधीक्षकांकडे परस्पर तक्रार करणारा माणूस मात्र नकोसा होतो, मग तो एकोणीसचा असला तरी. दार वाजवून सांगितलं तर आवाज कमी करतो. खरंच करतो.

उभी_आडवी_बेरीज

तळटीप, कादंबऱ्यांचा परिच्छेद जरा झोंबला. खरा असणार, म्हणूनच झोंबला. आणि 'अठरा', तू लिहिलेलं दोनदा वाचलं. "आमच्या वेळी" म्हणायचं नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतेय.

दुसरी_घंटा

तोंडाला कुलूप नका लावू, 'अठरा' तसं म्हणतही नाहीये. आता राहण्याबद्दल.

बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर किंवा संशोधक विद्यार्थ्यांचा वेगळा मजला नाहीतर इमारत असते. अर्ज भरतानाच लेखी मागा: एकटीची खोली, तो मजला, आणि गुडघे कुरकुरत असतील तर तळमजला. 'वय' असं कारण लिहिलंत तर कागद बाजूला पडतो. डॉक्टरांची चिठ्ठी जोडलीत तर पुढे सरकतो. गादी स्वतःची न्या. वसतिगृहाच्या गाद्यांनी पिढ्या पाहिलेल्या असतात, त्या खऱ्या अर्थाने प्राथमिक साधनं. टेबलावर चांगला दिवा आणि कानात घालायचे बोळे, हे दोन घ्याच. बाकी सामान कमी न्या. घर हलवल्यासारखं सामान आणलं की माणूस मनाने घरीच राहतो.

अभ्यासाइतकाच अवघड भाग म्हणजे तुमची नेमणूक होते. कोणी ठराव करत नाही, पण बघता बघता तुम्ही मजल्याच्या मावशी होता. कोणाला ताप आला, कोणाचं जमलेलं मोडलं, कोणाच्या घरचे रागावले, सगळे तुमच्या दारात. मला ते आवडायचं, आवडतं म्हणूनच धोका. निबंधाच्या आदल्या रात्री कोणाचंतरी प्रेमप्रकरण निस्तरत बसायचो. शेवटी दाराला पाटीच लावली: 'नऊपर्यंत अभ्यास, नंतर या'. पोरांनी पाळली. आणि अधीक्षक तुम्हाला आपल्या बाजूचं समजून "जरा यांच्याकडे लक्ष ठेवा हं" म्हणतील. हसून टाळा. मुलांना हेर नको असतो आणि तुम्हालाही तो पगार नाही.

सुरुवातीला दर आठवड्याला घरी पळू नका. सुट्टीच्या दिवशीच ओळखी होतात, ग्रंथालय रिकामं असतं, कोणीतरी जुन्या किल्ल्यावर किंवा संग्रहालयात जायची टूम काढतं. येऊन-जाऊन शिकणारे मोठे विद्यार्थी मी पाहिलेत. तास संपला की त्यांची गाडी सुटायची वेळ झालेली असते. शिकणं तर तास संपल्यावर जिन्यात सुरू होतं.

सासर_माहेर_आणि_मी

घरच्यांबद्दल कोणीच का लिहीत नाही? माझी पदवी दुसऱ्या विषयातली, पण पन्नाशीत आणि आवारात राहूनच. नवऱ्याचा विरोध नव्हता, "जा की, तुझं स्वप्न आहे" असं त्यानेच म्हटलेलं. आणि मग रोज फोन: गॅसचं पुस्तक कुठंय, पाण्याचं बिल भरलंस का, अमक्याच्या लग्नात काय द्यायचं. व्याख्यानात असले तरी फोन थरथरत राहायचा. तक्रार नाही, सवय दोघांचीही होती. जायच्या आधी महिनाभर घरातलं सगळं त्याच्या हातात द्या आणि तुम्ही घरात असूनही हात लावू नका. तुम्ही गेल्यावर त्याने शिकायचं ठरवलंत, तर शिकवणी फोनवरच होते आणि ती तुमच्या अभ्यासाच्या वेळेत होते.

एकटेपणाही येतो. सगळ्यांत असून येतो. समवयस्क माणूस आठवड्यात एकदा तरी भेटेल असं बघा: ग्रंथपाल, कार्यालयातलं कोणी, संशोधन करणारं कोणी.

उभी_आडवी_बेरीज

सासर_माहेर, हे अगदी माझ्या घरचं लिहिलंत. नवऱ्याला आत्ताच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बिल कुठे भरायचं ते लिहून ठेव." म्हणजे चाललंय.

सनावळ्या आणि वाचनाबद्दल सांगा ना कोणीतरी.

तळटीप

सनावळ्या पाठ करू नका, क्रम पक्का करा. काय आधी, काय नंतर, आणि कोणाला तेव्हा काय माहीत असणं शक्य होतं. मोजके खुंटे ठोकले की बाकीचं त्यांना टांगता येतं. परीक्षेलाही शक्यतो 'कधी'पेक्षा 'का' आणि 'कशावरून' विचारलं जातं.

तारीख ही गोष्ट तुम्हाला वाटते तितकी सरळ नाही, आणि माझ्या मते आकडेमोडीच्या माणसाला इतिहासात सगळ्यात जास्त मजा इथेच येते. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत सांगतात. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि इसवीचं जानेवारीत. त्यामुळे पौषाच्या सुमारापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ चा फाल्गुन १६३० मध्ये पडतो, १६२९ मध्ये नाही. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून आपल्या ३२ वर्षांत तिकडची जवळजवळ ३३ होतात. आता वसुली करणाऱ्याची पंचाईत बघा. पीक सूर्यावर आणि पंचांग चंद्रावर, मग सारा कोणत्या महिन्यात मागायचा? त्यातूनच अकबराच्या काळात पिकांच्या हंगामाला धरून चालणारा फसली सन आला. इंग्लंडात १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतरचा दिवस थेट १४ सप्टेंबर धरला. त्याआधी तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ चा म्हणतो, पण त्या वेळच्या कागदांवर १६४८ असतं. दोन्ही बरोबर. ब्रिटनचं करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं, त्याचं मूळ या उलथापालथीत आहे. तुमच्यासारखीला हे सांगून मी स्वतःवर प्रश्नांची बरसात ओढवून घेतेय, ठाऊक आहे.

खडूस_म्हातारा

हे मला माहीत नव्हतं. विरोध कायम आहे, पण तुम्ही लिहीत राहा.

जुना_रुपया

धागा बघून राहवलं नाही. दुसऱ्या पेशातून येणाऱ्यांनी इतिहासात काय करून ठेवलंय ते बघा. ब्राह्मी लिपी १८३७ मध्ये उलगडणारा जेम्स प्रिन्सेप टांकसाळीत धातूची पारख करणारा होता. सांचीच्या कठड्यावरचे छोटे छोटे लेख एकाच दोन अक्षरांनी संपतात, हे त्याच्या ध्यानात आलं. देणग्यांच्या नोंदी असणार, तेव्हा शेवटी 'दानं' असणार, या तर्काला धरून तो पुढे गेला. लिपी वाचता आली तरी लेखांमधला 'पियदसि' राजा कोण ते कळेना. ते कोडं सोडवायला सिंहलमधल्या पाली ग्रंथांचा आधार घेतला टर्नर नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने. आणि शिलालेखातच अशोक हे नाव मिळायला १९१५ साल उजाडलं, मस्कीचा लेख सापडला तेव्हा. दामोदर कोसंबी गणिती. नाणं हातोहात फिरताना झिजतं, तेव्हा वजनावरून ते किती काळ फिरलं असेल याचा संख्याशास्त्राने अंदाज घेता येईल, म्हणून त्यांनी प्राचीन नाणी ढिगाने तोलली. तिथून ते इतिहासात शिरले. 'लिनिअर बी' ही ग्रीसमधली प्राचीन लिपी १९५२ मध्ये वाचणारा मायकेल व्हेंट्रिस तर वास्तुविशारद.

तळटीप

रुपयासाहेब, माहिती चोख, पण जपून. या यादीच्या जोरावर "मी बाहेरचा आहे म्हणूनच मला दिसतं" असं म्हणणारेही वर्गात येतात. प्रिन्सेपने आधी लेखांच्या ठशांचा ढीग जमवला होता, आणि व्हेंट्रिसने इतरांनी केलेले चिन्हांचे तक्ते पचवले होते. मला फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक जास्त जवळचा वाटतो. पहिल्या महायुद्धात तो खंदकांमध्ये होता. परत आल्यावर 'मी युद्ध पाहिलंय' अशा आठवणी सांगून तो थांबला नाही. १९२१ मध्ये त्याने युद्धातल्या खोट्या बातम्यांवर लेख लिहिला: आघाडीवर अफवा कशा तयार होतात, छापलेल्या शब्दावरचा विश्वास उडाल्यावर माणसं तोंडी बातमीकडे कशी वळतात. अनुभवातून त्याने प्रश्न काढला, आणि तो मग मध्ययुगालाही विचारता आला. बेरीजताई, तुमच्याकडून मला हे हवंय. खोटे हिशेब लिहिणारा माणूस कुठे गडबडतो, हे तुम्हाला माहीत आहे. ते "सगळेच चोर" अशा निष्कर्षाच्या रूपात वर्गात आणू नका.

वाचनाबद्दल. कादंबरीसारखं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचाल तर दुसऱ्याच आठवड्यात बुडाल. आधी प्रस्तावना, मग समारोप, मग अनुक्रमणिका. लेखक कोणाशी भांडतोय ते शोधा. त्यानंतर लागतील ती प्रकरणं. तळटिपा वाचा (नाव घेतलंय म्हणून नव्हे, खरोखर वाचा), कारण लेखकाने कोणती दफ्तरं उघडली आणि कोणती नाही ते तिथेच कळतं. टिपणं काढताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: साधनात काय आहे, लेखक काय म्हणतो, मला काय वाटतं. पानाचा क्रमांक तिथल्या तिथे टाका. झोटेरो नावाची फुकट संगणकप्रणाली संदर्भ सांभाळते, ती पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या.

आणि कागद उलटा वाचायला शिका. रणजित गुहांनी शेतकऱ्यांच्या उठावांवर १९८३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्यापुढचे बरेचसे कागद उठाव मोडणाऱ्यांचेच होते. अहवालात जिथे 'उद्दाम' किंवा 'साथीसारखं पसरलं' लिहिलंय, तिथे शेतकऱ्याच्या बाजूने काय घडत असेल, ते त्याच शब्दांतून त्यांनी बाहेर काढलं.

बोटं_दुखतात

एक अत्यंत क्षुद्र पण महत्त्वाचा मुद्दा. तीन तास हाताने लिहायची सवय राहिली आहे का? आयुष्यभर कळफलक बडवल्यावर माझा हात अर्ध्या तासात संपायचा. उत्तरं डोक्यात, बोटं संपावर. आत्तापासून रोज दोन पानं लिहा, काहीही लिहा.

अठराचा_आकडा

+१. हे आमचंही होतं, वयाचा संबंध नाही.

उभी_आडवी_बेरीज

सगळ्यांचे आभार. पदव्युत्तर मजल्यासाठी अर्ज दिलाय, चिठ्ठी जोडून. हाताने लिहायला सुरुवात केलीय, अक्षर वाचवत नाही.

पहिल्या वर्षाला एक ऐच्छिक विषय निवडायचाय. आर्थिक इतिहास आहे, आणि दुसरीकडे जुनी लिपी किंवा भाषा, मोडी नाहीतर फारसी. मन अर्थातच पहिल्याकडे ओढतंय. आणि एक किडा डोक्यात शिरलाय. आम्हाला शिकवताना सांगायचे, हिशेबाची द्विनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत, जमा आणि नावे) म्हणजे लुका पाचोलीचं छापील पुस्तक, १४९४, व्हेनिस. आता वाचते तर इटलीतल्याच जिनोआच्या नगरसत्तेच्या १३४० च्या वह्या याच पद्धतीने लिहिलेल्या आहेत. म्हणजे छापील पुस्तक यायच्या आधी दीडशे वर्षं लोक हे करत होते. मग कारकून शिकायचे कोणाकडून?

तळटीप

लिपी किंवा भाषा घ्या. आर्थिक इतिहास तुम्ही पुढेही वाचाल, तुम्हाला कोणी अडवणार नाही. लिपी मात्र एकटीने शिकायला घेतली की मागे पडते, तिला वर्ग आणि गृहपाठ लागतो. मोडी घेतलीत तर जुने जमाखर्च सरळ मुळातून वाचता येतील.

जिनोआचा प्रश्न वहीत लिहून ठेवा. निबंधासाठी तो फार मोठा आहे, बारीक करा: एक शहर, एकाच हातच्या नोंदी, थोडी वर्षं. आणि तो कारकून चुकला की खाडाखोड कशी करायचा, तिथून सुरुवात करा.

खडूस_म्हातारा

तळटीपबाई, लिपीच्या वर्गाला बाहेरच्या माणसाला बसू देतात का? सहज विचारतोय.